दोनदा फिरवलेली डिग्री

साक्षांकनाच्या खिडकीतल्या बाईने डिग्री हातात घेतलीच नाही. काउंटरवर ठेवली होती तिथेच तिच्यावर नखाने एक टिचकी मारली. टक्. कागदाचा असा आवाज येत नाही. बशीचा येतो, फार तर ताटलीचा. "हे चालणार नाही," बाई म्हणाली आणि पुढचा टोकन नंबर पुकारायला तिने तोंड उघडलं. समोर उभी असलेली ती हलेना, तेव्हा त्याच उघडलेल्या तोंडाने म्हणाली, "लॅमिनेशन काढून आणा. आमचा शिक्का कागदावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही."

"शिक्का मागच्या बाजूला मारता ना? मग मागचंच काढलं तर?"

"दोन्ही बाजूंचं. पुढची सही, पुढचा शिक्का हात लावून बघावा लागतो आम्हाला. काचेआडून नाही चालत." मग तिने अर्जावर नजर टाकली. "शिक्षिका ना तुम्ही? इंग्रजीच्या? बाहेरदेशी शिकवायला निघालात?"

"हो."

"मग?"

गेली एकोणीस वर्षं ती लोकांना खिडकीसमोर उभं राहून उत्तरं द्यायलाच शिकवत होती. विचारलं तेवढंच सांगा. खोटं बोलू नका. रडू नका. हात काउंटरवर ठेवू नका. तिच्या हाताखालून शिकून माणसं कुठे कुठे गेली होती. नर्सा गेल्या, वायरमन गेले, नवऱ्यामागून बायका गेल्या. व्हिसाच्या मुलाखतीत विचारतात असे एकशे चाळीस प्रश्न तिने एका वहीत उतरवले होते आणि त्या वहीच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स अजून फिरत होत्या. त्या एकशे चाळीसांत 'मग?' हा प्रश्न नव्हता. तिने डिग्री उचलली. उचलताना ती काउंटरला चिकटली, मग सुटली, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण हात काउंटरवर ठेवले आहेत.

बाकी सगळं फाइलीत होतं, एकाखाली एक, रंगीत खुणा लावून. पासपोर्ट. एकशेवीस तासांच्या शिक्षण-कोर्सचं प्रमाणपत्र, जे तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन उभा करून चार महिन्यांत पुरं केलं होतं. पोलिसांचा दाखला, की या बाईने आजवर काही गुन्हा केलेला नाही. तो हातात पडला तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं होतं, चव्वेचाळीस वर्षांत एवढंसुद्धा नाही. छातीचा फोटो. दातांची तपासणी. क्लासच्या सरांनी लिहिलेलं अनुभवाचं पत्र, ज्यात 'कष्टाळू' हा शब्द तीनदा आला होता आणि 'उत्तम' एकदाही नव्हता. आणि तिकडच्या शाळेचं पत्र, ज्याच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: साक्षांकित पदवी नऊ दिवसांत पोचली पाहिजे, आणि व्हिसा मिळेल त्या दिवशी उमेदवाराने वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण केलेली नसावीत. तिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला एकावन्न दिवस होते. पत्र आलं तेव्हा हे एकावन्न म्हणजे केवढं तरी मोठं अंगण वाटलं होतं.

तिच्यापुढे रांगेत एक वेल्डर होता. त्याचा डिप्लोमा घड्या पडून चार जागी फाटायला आलेला, वरच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल उमटलेला. बाईने तो उलटा केला, अंगठ्याने चाचपला आणि धाडकन शिक्का मारला. वेल्डर आता भिंतीशी उभा राहून शिक्क्यावर फुंकर घालत होता. तिला बघून तो आपणहून म्हणाला, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. रोज चार जण असेच परत जातात. ज्यांनी जपून ठेवलं तेच परत जातात, बघा. आमच्यासारखे गबाळे पास." मग डागाकडे बोट दाखवून, "बायको बोंबलली होती याच्यावरून. आता घरी जाऊन दाखवतो तिला." तो हसला. त्याला आपला आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. "केस वाळवायचं मशीन असतं ना, त्याची गरम हवा मारा म्हणतात. कोपऱ्यातून. माझ्या भावाच्या साल्याचं निघालं तसं."

"पूर्ण निघालं?"

"निघालं म्हणजे..." वेल्डरने फुंकर थांबवली. "त्याचं नवीन होतं हो. दोन-तीन वर्षांचं."

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने विद्यापीठात फोन लावला. अकरा मिनिटं एकच सूर वाजत राहिला, मग एक माणूस जेवता जेवता बोलल्यासारखा बोलला. डुप्लिकेट मिळेल. नव्वद दिवस. मूळ प्रत हरवली असेल तर तक्रारीची नक्कल जोडा. हरवली नाही? मग डुप्लिकेट कशाला पाहिजे? खराब झाली असेल तर खराब झालेली प्रत जमा करा. लॅमिनेट केली म्हणजे खराब झाली असं होत नाही बाई, उलट. त्या 'उलट'वर फोन बंद झाला. नव्वदातून एकावन्न गेले, एकोणचाळीस. कुठल्याही बाजूने वजाबाकी केली तरी हे एकोणचाळीस दिवस तिच्या वाढदिवसाच्या पलीकडेच पडत होते. तेवढ्यात फोन थरथरला. चिमणीचा संदेश: 'मॅडम झालं का???' तीन प्रश्नचिन्हं. चिमणी ही तिची सात वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. खरं नाव दुसरंच होतं, पण वर्गात तोंड उघडलं की एवढासा आवाज निघायचा म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. तिला उभं करून वाचायला लावलं की ती पुस्तकाआड रडायची. ती चिमणी आता तिकडे त्याच शाळेत चाळीस पोरांना इंग्रजी शिकवत होती, आणि तिनेच शब्द टाकला म्हणून मॅडमची मुलाखत झाली होती. मुलाखत घेणारा सव्वीस-सत्तावीसचा. पडद्यावरून तो दोनदा म्हणाला होता, जरा हसून बोला, आमच्या मुलांना हसरे शिक्षक आवडतात. ती हसली होती. सत्तावीस मिनिटं हसली होती, आणि नंतर जबडा दुखला म्हणून संध्याकाळी भाकरीऐवजी दूध प्यायली होती. चिमणीला उत्तर द्यायचं तिने टाळलं. फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन दोनदा ओढून बघितली.

खरी गंमत पुढेच होती, आणि ती तिच्याशिवाय कोणाला कळली नसती. क्लासच्या भिंतीवर, फळ्याच्या उजवीकडे, तिच्याच अक्षरात एक पाटी होती: 'परदेशी जाणाऱ्यांनी घ्यायची काळजी'. तिच्यात सातवा मुद्दा होता, मूळ कागदपत्रे लॅमिनेट करू नयेत. हा मुद्दा ती प्रत्येक तुकडीला मोठ्याने वाचून दाखवायची. मागच्याच महिन्यात एका नर्सला तिने फैलावर घेतलं होतं, "अहो, लोणच्याची बरणी आहे का ती, झाकण लावून ठेवायला?" सगळे हसले होते, नर्सही हसली होती. आणि आपली डिग्री? ती कपाटात होती. बावीस वर्षं ती कपाटातच होती. जिथे जिथे लागली तिथे तिचे वडील, अण्णा, झेरॉक्स काढून आणून द्यायचे, मूळ प्रत घराबाहेर जाता कामा नये असा त्यांचा दंडक. काल त्यांनी ती स्वतः काढून तिच्या हातात दिली, तेव्हा वरच्या दिव्याचा उजेड डिग्रीवर सांडला होता. ती चकाकली होती. तिने ती चकाकी बघितली होती. मग काय झालं? मग तिने ती फाइलीत ठेवली, आणि त्यावर निळी खूण लावली. हे ती पायऱ्या उतरताना पुन्हा पुन्हा आठवून बघत होती, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी: बघितलं होतं का? बघितलं होतं. कळलं होतं का? इथे ती थांबायची. शेकडो लोकांच्या फाइली जिने उलट्यापालट्या करून तपासल्या, तिला आपली एक फाइल तपासता आली नाही, हे ओझरतं बघता भोळेपणाचं दिसत होतं. पण भोळी ती कधीच नव्हती.

रस्त्यावर ऊन होतं आणि दुकानांच्या पुढे गाड्या लावलेल्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती गेली. त्याने डिग्री उजेडात धरली, वाकवायचा प्रयत्न केला, ती वाकली नाही. तो हरखला. "काय काम आहे! हल्लीची फिल्म पातळ असते मॅडम, हे बघा, दोन पदर आहेत. हे दोनदा फिरवलंय मशीनमधून. कुणी केलं?"

"वडिलांनी करून घेतलं."

"शौकीन माणूस."

"निघेल का?"

"मॅडम," तो डिग्री परत देत म्हणाला, "लावायचं मशीन आहे. काढायचं कोणी अजून बनवलं नाही."

दोनदा. हा शब्द तिला माहीत होता. अण्णा चौतीस वर्षं एका कचेरीच्या अभिलेख खोलीत कारकून होते. तळघरात, छताला लागलेल्या मांडण्यांमध्ये, कापडात बांधलेल्या दप्तरांचे ढीग. त्यांत कसर लागायची, पाझर यायचा, उंदीर व्यायचे. लोक आपली जन्मतारीख शोधत यायचे, आणि कधी कधी अण्णांना सांगावं लागायचं की तुमच्या जन्माच्या पानाला भोक पडलं आहे. एक म्हातारा त्यांच्यासमोर फरशीवर बसून रडला होता, त्याला निवृत्तीचं वय सिद्ध करता येईना. घरी आल्यावर अण्णा हात साबणाने दोनदा धुवायचे आणि सांगायचे, "माणूस मेला तरी चालतं, कागद मरता कामा नये." आई म्हणायची, "हो, माणसं काय, मिळतील दुसरी." मग तिची डिग्री आली. घरातली पहिली, आणि तीही इंग्रजीची. अण्णांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये डिग्री, तिला सुतळी, आणि बसमध्ये ती सबंध वेळ छातीशी. दुकानात तापलेल्या रबराच्या रुळांमधून प्लॅस्टिक आत जाताना एक गोड, जळका वास सुटला. दुकानदार म्हणाला, झालं. अण्णा म्हणाले, "पुन्हा काढा." "एकदा पुरे असतं साहेब." "पुन्हा काढा." दुसऱ्यांदा ती बाहेर आली तेव्हा अण्णांनी आधी लेकीच्या हातात दिली. गरम होती. नुकत्या इस्त्री झालेल्या परकरासारखी. ती बावीस वर्षांची होती. तिला वाटलं होतं ही ऊब डिग्रीची आहे. "आता हिला मरण नाही," अण्णा म्हणाले होते.

आणि खरंच तिला मरण आलं नाही. बाकी सगळ्याला आलं. त्या वर्षी एक स्थळ आलं होतं, ते आईच्या पहिल्या ऑपरेशनात मागे पडलं. एक चांगली शाळा होती दुसऱ्या शहरात, ती दुसऱ्या ऑपरेशनात. 'ताई आहे ना घरात' हे वाक्य कोणी प्रथम म्हटलं ते आठवत नाही. पण ते इतकं वापरलं गेलं की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. आई गेली तेव्हा ती अडतीसची होती आणि क्लासमध्ये बारावं वर्ष सुरू होतं. मग दोन घरांचा खर्च नको म्हणून धाकटा भाऊ, भावजय आणि भाची इकडेच राहायला आले. कोणी वाईट नव्हतं. हाच तर सगळा गुंता होता; वाईट कोणी असतं तर त्याच्या नावावर काहीतरी टाकता आलं असतं. परवा भाऊ टेप घेऊन हॉलमधली भिंत मोजत होता, तिची खाट असलेली भिंत. "ताई, सहज बघतोय. पोरीचं दहावीचं वर्ष, टेबल घ्यायचं म्हणतोय." सहज मोजलेलं टेबल शनिवारी येणार होतं. भावजयीने दूधवाल्याला एक तारखेपासून अर्धा लिटर कमी सांगितलं होतं. कपाटातला तिचा कप्पा भाचीने आधीच झाडून त्यात कागद अंथरला होता, आणि तिच्या साड्या एका बॅगेत 'तात्पुरत्या' ठेवल्या होत्या. क्लासमध्ये निरोपसमारंभ होऊन गेला होता. सरांनी मानेखाली घ्यायची उशी दिली, विमानात लागते म्हणून, आणि भाषणात सांगितलं की तशीही पुढल्या महिन्यापासून आपण फोनवरचं ॲप आणतोय, मॅडमनी अगदी योग्य वेळी पाऊल उचललं. टाळ्या पडल्या. ती त्या उशीसकट बसने घरी आली होती. म्हणजे अजून गेली कुठेच नव्हती, पण जिथे जिथे होती तिथून तिला काढून झालं होतं. अलगद. कोपऱ्यातून सुरुवात करून.

दुपारी घर रिकामं असतं. भाऊ कामावर, भाची शाळेत, भावजय तिच्या शिवणाच्या दुकानात. अण्णा खुर्चीत डुलत होते. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करायचं राहिलं होतं. त्यामुळे ते समोरच्या माणसाकडे नेहमी थोडं तिरपं बघायचे, जणू खात्री नाही. "झालं का गं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. चिमणी, भाऊ, सर, सगळ्यांनी हाच एक प्रश्न वाटून घेतला होता.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली.

भावजयीचं केस वाळवायचं मशीन तिने न विचारता घेतलं. स्वयंपाकघराचं दार लोटलं, ओटा पुसला, पुन्हा पुसला, कोरडा केला. डिग्री पालथी ठेवली. ब्लेडने कडेची पट्टी कापली तेव्हा ओट्यावर एक लांब पारदर्शक वेटोळं पडलं. गरम हवा कोपऱ्यावर धरली. आणि तोच वास आला. गोड, जळका. बावीस वर्षं तो आत दबा धरून बसला होता. नखाने कोपरा उचकटला. तो उचकटला गेला. मग पाठीचं प्लॅस्टिक येत गेलं, एक बोट, दोन बोटं, चिर्र आवाज करत, कागदाची लव थोडी उपटत, पण येत गेलं. अर्ध्या तासाने पाठ मोकळी झाली. पिवळट, खरबरीत, खरा कागद. तिने त्यावर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत या कागदाला कोणाचा हात लागला नव्हता. तिला एकदम हसू आलं, मोठं, सत्तावीस मिनिटांच्या हसण्यापेक्षा वेगळं, पोटातून आलेलं. निघतंय. मग तिने तो सुलटा केला. पुढे तिचं नाव होतं, काळ्या वळणदार अक्षरांत. खाली निळी सही आणि लाल शिक्का. तिने हवा धरली, कोपरा उचलला, आणि प्लॅस्टिकला चिकटून नक्षीच्या किनारीचा एक कण वर आला. कण म्हणजे तिळाएवढा. तिने मशीन बंद केलं.

"कसला वास येतोय?" अण्णा दारात उभे होते. काठी खुर्चीशीच राहिली होती, एक हात चौकटीला. त्यांना ओट्यावरचं नीट दिसत नसणार; पण वास येत होता, आणि वास त्यांना माहीत होता. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, आणि मग आलं की का बोलावं.

"लॅमिनेशन चालत नाही म्हणाले. काढायला सांगितलंय."

अण्णांचा चौकटीवरचा हात खाली आला, परत वर गेला. "मी दोनदा काढायला लावलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"तो एकदाच म्हणत होता."

"हो अण्णा."

"अभिलेखात आम्ही लॅमिनेशन कधी करत नसू. तसा नियमच होता. मी तो नियम स्वतः लिहून भिंतीला लावला होता." ते तिरपं बघत होते, तिच्याकडे की ओट्याकडे ते कळत नव्हतं. "पण ते सरकारी कागद. हा आपला होता ना."

भिंतीला लावलेला नियम. तिचाही एक होता, फळ्याच्या उजवीकडे. मग त्यांनी बाही वर केली. "दे इकडे. चिकटलेले कागद सोडवण्यात हयात गेली माझी. ओली दप्तरं सोडवायचो मी, एकेक पान."

त्यांच्या हाताला कंप होता. चहाचा कप त्यांना अर्धाच भरून द्यावा लागे. हे हात आता या कागदावर पडले तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसलं. आणि ते दिसत असतानाच तिने स्टूल पुढे ओढलं, मशीन त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं आणि ती बाजूला झाली. का? ओट्याला टेकून उभी असताना तिने स्वतःला विचारलं, आणि या खेपेला ती थांबली नाही. कारण फाटायचंच असेल तर ते यांच्या हातून फाटावं. आईची ऑपरेशनं, ते स्थळ, ती शाळा, एकोणीस वर्षं, हॉलमधली खाट. इतकं सगळं झालं आणि एकदाही कोणाचा हात दिसला नव्हता. एकदा दिसावा. मग पुढची वर्षं या घरात, टेबलाच्या पायाशी गादी टाकून का होईना, ती त्या हाताकडे बघत काढू शकली असती. एवढंच तिला हवं होतं. तिकडे जाणं नको होतं असं नाही, हवं होतं, जिवाच्या आकांताने हवं होतं; पण तेही मिळायचं नसेल तर निदान हे. हा विचार तिला घाणेरडा वाटला, आणि तो आपला आहे याबद्दल तिळमात्र शंका वाटली नाही.

अण्णांचा हात कागदाला लागला आणि कंप थांबला. तिने डोळे बारीक करून बघितलं. खरंच थांबला. डाव्या तळव्याने कागद दाबून, उजव्या हाताने प्लॅस्टिक वर नव्हे, मागे, कागदाला लागून सपाट ओढत, श्वास धरून, ते केसभर केसभर सोडवत होते. "हवा तू धर. जवळ नको. इथे. हं." किनार आली. वरची मोठी अक्षरं आली, कागदावरच राहून. "वर ओढलं की शाई उठते," ते पुटपुटले. "मागे ओढायचं. कागदाला कळू द्यायचं नाही." त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला, तिने पदराने टिपला, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा टिपतात तसा. तिचं नाव आलं. सबंध. एकही काना तुटला नाही, एकही वेलांटी नाही; बावीस वर्षांपूर्वीच्या मुलीचं नाव उघड्या हवेत आलं आणि तिला वाटलं की ते थंडीने आकसेल. तिला आता तो विचार आठवेना, आठवला तर लाज वाटेना इतकी ती आनंदली होती. सहा बोटं राहिली. पाच. खाली निळी सही, लाल शिक्का. तिथे अण्णा थांबले.

"आता पुढचं तू कर," ते म्हणाले.

"का? अण्णा, तुम्हीच करा ना. किती छान येतंय."

"ही बाजू मशीनमध्ये आधी शिरली होती, जास्त तापली. खालून घातली होती त्याने. दोन्ही वेळा खालूनच." त्यांनी बोट सहीच्या वर हवेत फिरवलं. "शिक्क्याची शाई तेलकट असते. मला इथे धीर होत नाही, पोरी. माझ्या हातून काही झालं तर..." हात वर उचलला, आणि उचलताक्षणी तो पुन्हा थरथरू लागला. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरून मांडीवर ठेवला. "तू कर. तुझा हात तरुण आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं, ते त्या तिरप्या डोळ्यावरून सांगणं शक्य नव्हतं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. पर्समध्ये फोन एकदा थरथरला. स्टुलावर त्यांच्या जागी ती बसली. डावा तळवा दाबला. मागे ओढायचं, वर नाही. कागदाला कळू द्यायचं नाही. तिने ओढलं. एक बोट सुटलं. आणखी अर्धं. सहीचं पहिलं वळण कागदावर राहिलं, राहिलं, आणि मग आवाजच झाला नाही. म्हणून तिला लगेच कळलं नाही. प्लॅस्टिक अगदी सहज, लोण्यातून यावं तसं हातात आलं, आणि त्यावर लाल शिक्का होता, सबंध गोल, आणि निळी सही, जिचं फक्त पहिलं वळण इकडे राहिलं होतं. कागदावर त्या जागी पांढरं होतं. स्वच्छ पांढरं. बाकी सगळा कागद पिवळा पडला होता, तेवढीच जागा नवी होती.

"फाटला का?" अण्णांनी विचारलं. ते अजून भिंतीकडे बघत होते.

"नाही अण्णा."

"बघ नीट."

तिने नीट बघितलं. वर तिचं नाव, लखलखीत. ती काय शिकली ते. कुठल्या वर्षी ते. आणि खाली, हे खरं आहे असं म्हणायला कोणीही नाही. "फाटला नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. विचारलं तेवढंच सांगितलं.

"मग जमलं." अण्णांनी सुस्कारा सोडला, आणि त्यांचा चेहरा तिने आईच्या आजारपणाआधी पाहिला होता तसा झाला. "हिशोबानं जमायलाच पाहिजे होतं. उद्या सकाळी लवकर जा, रांग नसते." त्यांनी ओट्यावर चाचपडत हात फिरवला आणि त्यांना तो प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. कुठलीच वस्तू टाकून देण्याची त्यांना सवय नव्हती. तो त्यांनी उजेडात धरला. शिक्क्याचा लाल डाग खिडकीतल्या उन्हातून त्यांच्या गालावर पडला. त्यांना दिसला असेल का? चांगला डोळा त्या बाजूचा होता. मग त्यांनी तो हलकेच, कडेला कड लावून, शिक्क्यावर घडी येणार नाही असा दुमडला.

"याचं काय करायचं?"

तिने फाइल उघडली. निळी खूण लावलेल्या जागी कागद सरकवला. तो आता वाकत होता, इतर कागदांसारखा.

"कपाटात ठेवून द्या," ती म्हणाली. "जपून."